भैरोबाच्या घाटातला चक्का जाम

"ताई, आजपासनं घाट बंद."

एवढाच व्हॉइस मेसेज. आवाज आटपाडीच्या अंकुश शेंडगेंचा. मी ऑफिसचा जिना चढत होते, एका हातात तुटलेली चप्पल, दुसऱ्या हातात फोन, आणि मला वाटलं खरंच कुठलातरी घाट बंद झाला, दरडबिरड कोसळली असणार. मी लगेच लिहिलं, "काळजी घ्या, दुसऱ्या रस्त्याने जा." पाठवलं आणि मग डोक्यात उजेड पडला की हे आमच्या घाटाबद्दल बोलतायत, आणि आमच्या घाटाला दुसरा रस्ता आम्ही बनवलेलाच नव्हता.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही मध्येमध्ये विचारत बसाल. तेव्हा मी कोल्हापुरात मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होते. कंपनी म्हणजे राजारामपुरीत एका बेकरीच्या वर दोन खोल्या आणि तीन माणसं. मालक धैर्यशील इंगवले, त्यांना सगळे दादा म्हणायचे. दुसरा तन्वीर मुजावर, गेमचं सगळं कोडिंग तो एकटा करायचा आणि दिवसाला साधारण चार वाक्यं बोलायचा. आणि तिसरी मी. गेमचं नाव घाटराणी. लाल बस आगारातून काढायची, प्रवासी घ्यायचे, भैरोबाचा घाट चढायचा आणि त्यांना वरच्या गावात सोडायचं. झालं. पण लोक वेडे होते त्याच्यासाठी. ऑनलाइन खेळलं की एकाच घाटात सगळ्यांच्या गाड्या दिसायच्या, एकमेकांशी बोलता यायचं, आणि ही माणसं खरोखरची ड्रायव्हर असल्यासारखी समोरून येणाऱ्याला लाइट मारून जायची.

माझं काम म्हणजे या लोकांना सांभाळणं. आमच्या ग्रुपवर कुणी लिहायचं नाही, सगळे बोलायचे. कुणी जेवताजेवता मेसेज पाठवायचं, कुणाच्या मागे म्हैस ओरडत असायची, एकाच्या मागे तर कायम भजन चालू असायचं. मी सगळे ऐकायचे, दादांना सांगायचे आणि उत्तर लिहायचे. उत्तर दादांनीच पहिल्या दिवशी ठरवून दिलं होतं. "आपला अभिप्राय टीमपर्यंत पोहोचवला आहे." पुढे जोडलेले हात.

"दादा, गाडी डावीकडं ओढते म्हणतात," मी सांगायचे.

"ते त्यांच्या मोबाइलचं असतंय."

"सगळ्यांच्याच?"

"स्वस्तातले मोबाइल घेतात, पमे."

मग मी जोडलेले हात पाठवायचे.

तर त्या बुधवारी मी वर गेले, तेव्हा तन्वीर स्क्रीनसमोर उभा होता. बसलेला नव्हता, उभा. आणि स्क्रीनवर घाट. पायथ्यापासून माथ्यापर्यंत लाल बसच बस, आडव्या लावलेल्या, एकीच्या मागे एक. बाजूने सायकलसुद्धा गेली नसती. सगळ्यांचे पार्किंग लाइट चालू.

"चक्का जाम," तन्वीर म्हणाला.

दादा चहा घेऊन आले, स्क्रीन बघितला आणि कप तसाच टेबलावर ठेवला. "हे काय बग आहे का?"

"नाही. माणसं आहेत."

"उडव की मग सगळ्या गाड्या. एक बटण दाबायचं."

"उडवतो. मग उद्यापासून माणसं येणार नाहीत."

एवढ्या सकाळी तन्वीरची चार वाक्यं ओलांडून गेली होती, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

आणि गंभीर होतंच. शनिवारी पुण्याची माणसं गेम बघायला येणार होती. तिथली एक मोठी कंपनी घाटराणी घ्यायच्या विचारात होती. त्यांनी घेतली तर आमचं ऑफिस राहणार, नाही घेतली तर दादा खालच्या बेकरीवाल्याला दोन्ही खोल्या देऊन मोकळे होणार होते. त्यात माझी तीन महिन्यांची बोली त्याच आठवड्यात संपत होती. माझं इथलं काम गेलं की गडहिंग्लजला मामाच्या टाइल्सच्या शोरूममध्ये काउंटर ठरलेला होता. मामाने माझ्यासाठी तिथे वेगळा पंखासुद्धा बसवून घेतला होता.

"शनिवारच्या आत घाट मोकळा झाला नाही, तर तुझं मी काय करू सांग," दादा म्हणाले. प्रेमानेच म्हणाले, त्यामुळे जास्त भीती वाटली.

मी अंकुशरावांना फोन लावला. अंकुशरावांचं आटपाडीत मोबाइल रिपेअरीचं दुकान, आणि ते अखिल घाटराणी चालक संघटनेचे अध्यक्ष. हो, हसू नका, आमच्या गेमच्या खेळाडूंनी संघटना काढली होती. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, तालुकाप्रमुख, महिला आघाडी. लेटरहेडवर बसचं चित्र होतं, ते आमच्याच गेममधून उचललेलं.

"अंकुशराव, काय झालं ओ?"

"चहाचा थांबा काढलाय तुम्ही."

तो काढला होता हे खरं. घाटमाथ्यावर एक चहाची टपरी होती, तिथे गाडी दहा मिनिटं उभी राहायची, घड्याळातली खरी दहा मिनिटं. प्रवासी उतरायचे, चहा प्यायचे, परत चढायचे. खेळणाऱ्याने काहीच करायचं नाही. दादांनी एकदा ग्राफ बघितला तर तिथे कुणी स्क्रीनला हातच लावत नव्हतं. बिचारे कंटाळतायत, असं म्हणून त्यांनी टपरीच काढायला लावली, आणि वर मला ग्रुपवर टाकायला सांगितलं की खास तुमच्यासाठी प्रवास आता आणखी वेगवान.

"पण तिथं तर काहीच व्हायचं नाही," मी म्हटलं.

"तिथं आम्ही बसायचो, ताई."

"म्हणजे?"

"म्हणजे बसायचो. बोलत. आमच्या सरचिटणीस जोगळेकर बाई हायत ना, कराडच्या, त्यांचं ऑपरेशन झालं ते आम्हाला टपरीवरच कळलं. आता गाडी टपरीवरनं सुसाट जाती. कुणाला कुणाचं काय कळंना. मी तुम्हाला किती मेसेज पाठवले."

"मी ऐकले सगळे. दादांना सांगितलेसुद्धा."

"माहिताय की. टीमपर्यंत पोहोचलेत." जरा थांबून म्हणाले, "आता टीमला आमच्यापर्यंत पोहोचू दे."

मी जसंच्या तसं दादांना सांगितलं. दादा एकदम खूश झाले. "एवढंच ना? टपरीच पाहिजे ना? तन्वीर, लाव टपरी." तन्वीरने गुरुवारी दुपारपर्यंत टपरी परत लावली. पहिल्यापेक्षा झकास. किटलीतून वाफ येत होती, भजी तळली जात होती, एक कुत्रं पण झोपवलं होतं बाकाखाली. दादा म्हणाले, कुणाला काही सांगू नका, त्यांना आपोआप दिसेल, आश्चर्य वाटेल.

त्यांना दिसलं. एकही गाडी हलली नाही.

संध्याकाळी जोगळेकर बाईंचा व्हॉइस मेसेज आला. बाई शाळेतून रिटायर झालेल्या, प्रत्येक शब्द वेगळा करून बोलायच्या. "संघटनेस विश्वासात न घेता परस्पर मान्य केलेली मागणी संघटना मान्य करत नाही. आमचे निवेदन अद्याप कोणी स्वीकारलेले नाही. संबंधितांनी आंदोलनस्थळी येऊन ते स्वीकारावे."

दादांनी तो दोनदा ऐकला. "मागणी मान्य केली तरी राग?"

"निवेदन घ्यायचं राहिलं ना," मी म्हटलं. "तहसीलदार जातात बघा मंडपात, निवेदन घ्यायला. फोटोबिटो काढतात."

"बरं मग, बोलव त्यांना ऑफिसात."

"आंदोलनस्थळी म्हणाल्यात."

"आंदोलनस्थळ कुठाय?"

तन्वीरने स्क्रीनकडे बोट केलं. खालून चौथं वळण. अंकुशरावांची गाडी सगळ्यात पुढे आडवी, समोर बॅनर लावलेला.

म्हणजे दादांनी आगारातून बस काढायची, स्वतः चालवत चौथ्या वळणापर्यंत न्यायची, आणि तिथे सगळ्यांसमोर निवेदन ऐकून घ्यायचं. संघटना तेवढ्यापुरती एका बाजूने वाट करून देणार होती. दादा म्हणाले, पाच मिनिटांचं काम, शुक्रवारी जेवण झाल्यावर उरकून टाकू.

"दादा, तुम्ही कधी चालवलीय का?" मी विचारलं.

"मी बनवलीय ती."

"त्यांनी बनवताना बघितलीय," तन्वीर म्हणाला.

खरं तर ऑफिसात कुणीच कधी आगारातून निघून घाट चढलेलं नव्हतं. तन्वीरला काही तपासायचं असलं की तो बोटाने बस उचलायचा आणि पाहिजे त्या वळणावर ठेवायचा. दादा ग्राफ बघायचे. मी मेसेज ऐकायचे. आमच्यातलं कुणीच गाडीत बसलं नव्हतं.

शुक्रवारी दादांनी गाडी काढली. फोन टेबलावर टेकवलेला, आम्ही दोघं मागे. स्पीकर चालू, त्यातून घाटाचा आवाज येत होता, म्हणजे माणसांचा. कुणीतरी कुणाला हळदीचा भाव विचारत होतं. आगारातून गाडी निघाली तसा एकजण म्हणाला, "आले, आले. मालक आले."

पहिलं वळण दादांनी घेतलं. दुसरंही घेतलं. तिसऱ्या वळणाला खेळाडूंनी जावयाचं वळण असं नाव ठेवलं होतं, कारण नवीन आलेला तिथे हमखास दरीत जायचा. दादांची बस सरळ कठड्यावरून गेली. प्रवासी ओरडले, तो आवाज मीच दिला होता.

"गेले," स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं.

"कोण?"

"मालक."

दरीत पडलं की गाडी परत आगारात. दादांनी परत काढली. परत तिसऱ्या वळणावर दरीत. तिसऱ्या खेपेला अंकुशराव म्हणाले, "मालक, पहिल्या गिअरमधी घ्या की."

"घेतलाय."

"दुसरा हाय तो."

"इंगवले," बाईंचा आवाज आला, "घाई करू नका. वळण यायच्या आधी बघायचं असतं. आल्यावर बघून उपयोग नाही."

"हो बाई," दादा म्हणाले. कपाळावर घाम, दोन्ही अंगठे स्क्रीनवर रुतलेले. वळण आलं, गाडी निम्मी वळली आणि दादा ओरडले, "अरे, ही डावीकडं ओढतीय."

आणि मग जोगळेकर बाई प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाल्या, "आपला अभिप्राय टीमपर्यंत पोहोचवला आहे."

कुणीही हसलं नाही. तन्वीर उठला आणि पाणी प्यायला बाहेर गेला, पण त्याची बाटली टेबलावरच होती.

दादांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हे तू मला सांगितलं होतंस."

"रोज."

"मग मी काय म्हणायचो?"

"स्वस्तातले मोबाइल घेतात."

त्यांनी समोरच्या मोबाइलकडे बघितलं. तो काही स्वस्तातला नव्हता.

"उजवीकडं जरा धरून ठेवायचं मालक," अंकुशराव समजुतीच्या आवाजात म्हणाले. "आम्ही सगळे तसंच चालवतो. सवय होती." मग एक बाई म्हणाल्या, ब्रेकवर अंगठा ठेवूच नका, टेकवा फक्त. भजनवाले म्हणाले, आधी कठड्याकडं न्या, मग आत घ्या. आणि दादा, जे आजवर कुणाच्या सांगण्यावरून पंखासुद्धा कमी करत नव्हते, ते एकेकाचं ऐकत, हो हो करत, गोगलगायीसारखे जावयाचं वळण चढले. चौथ्या वळणाला पोचले, गाडी तिरकी लावली, एक चाक गटारात. सगळ्या घाटाने हॉर्न वाजवले. मी दादांना कधी लाजताना बघितलं नव्हतं, ते तेव्हा बघितलं.

मग बाईंनी निवेदन वाचायला घेतलं. "मागणी क्रमांक एक. चहाचा थांबा संघटनेशी चर्चा करून पूर्ववत करण्यात यावा."

"चर्चा करूया," दादा म्हणाले. "काय काय पाहिजे?"

"आधी ऐकून घ्या. मागणी क्रमांक दोन. गाडी डावीकडे ओढते, त्याची दुरुस्ती व्हावी."

दादा फक्त हं म्हणाले.

"मागणी क्रमांक तीन. ग्रुप सांभाळणाऱ्या अधिकारी श्रीमती प्रमिला यांची तत्काळ बदली करण्यात यावी."

मी टेबलाची कड धरली. खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर आधी टाइल्स आल्या, मग तो पंखा. मी या माणसांचे मेसेज आंघोळीला जाताना ऐकले होते, ताप असताना ऐकले होते. भजनवाल्यांची कुठली भजनं आहेत तेही मला पाठ झालं होतं.

मला वाटलं आता ते म्हणणार, बघू, सकारात्मक विचार करू, सगळे साहेब म्हणतात तसं. पण ते नुकतेच दरीतून वर आलेले. माणसाला नवीन काही जमायला लागलं की त्याचा हात थांबत नाही.

"मान्य," दादा म्हणाले. "तिसरी आत्ताच्या आत्ता मान्य."

मग अंकुशराव चाचरत म्हणाले, "मान्य म्हणजे?"

"मान्य म्हणजे मान्य. तुम्ही सांगितलं, मी ऐकलं."

"मालक, ती मान्य करायची नसती."

"मग मागितली कशाला?"

"निवेदनात बदली लागती ओ. नसली तर निवेदन हलकं वाटतंय. ताईंबद्दल आमचं काय बी म्हणणं नाही. ताई लई चांगल्या हायत."

"तिसरी मागणी सोडण्यासाठी असते, इंगवले," बाई म्हणाल्या. "ती आम्ही मोठ्या मनाने सोडायची आणि त्या बदल्यात पहिल्या दोन पदरात पाडून घ्यायच्या. आपण भलतीच आधी मान्य केलीत."

"तर मग आम्ही ती मागे घेतोय," अंकुशराव घाईघाईने म्हणाले. मागून भजनवालेही म्हणाले, मागे घ्या, मागे घ्या.

"आता नाही," दादा म्हणाले. "तुम्हीच म्हणता कुणी ऐकत नाही. एकदा ऐकलं तर ऐकलं."

मी म्हटलं, "दादा, पण तिघांच्या ऑफिसात माझी बदली कुठं करणार?"

"ते बघतो मी." आणि पहिल्या दोन मागण्यांनाही हो म्हणून त्यांनी स्क्रीनशॉट काढायला लावला, निवेदन स्वीकारताना म्हणून. त्यात दादांची बस गटारात आणि समोर बॅनर. एकेक गाडी सुटली, अंधार पडायच्या आत घाट मोकळा झाला. जाताना अंकुशरावांनी मला वेगळा मेसेज पाठवला. त्यात ते काही बोललेच नव्हते, नुसता खाकरण्याचा आवाज होता.

दादा निघताना एवढंच म्हणाले, "सोमवारी लवकर ये. सामान हलवायचंय."

शनिवारी पुण्याची माणसं आली. मी गेलेच नाही, मला बोलावलंच नव्हतं. त्यांनी मिसळ खाल्ली, गेम बघितला, घाटात भरपूर गाड्या आणि टपरीवर माणसं गप्पा मारत बसलेली बघितली आणि हो म्हणाले, असं नंतर कळलं. तेव्हा मला फक्त सामान हलवायचंय एवढंच माहीत होतं. रविवारी मी मामाला फोन करून विचारलंसुद्धा, टाइल्समध्ये मॅट आणि ग्लॉसी यात फरक काय असतो. मामाने तासभर सांगितलं.

सोमवारी गेले तर माझं टेबल दारापाशी नव्हतं. ते तन्वीरच्या टेबलाला चिकटवून ठेवलेलं, त्यावर एक नवा मोबाइल. मुद्दाम स्वस्तातला घेतला होता.

"बदलीचं ठिकाण," तन्वीर म्हणाला.

"रोज आगारातनं गाडी काढायची," दादा म्हणाले. "वरपर्यंत न्यायची. जे टोचंल, जे ओढंल, ते लगेच याला सांगायचं. तो शेजारीच असल्यामुळं त्याला ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही. डावीकडचं ओढणं आजच काढायचंय, तू चालवल्याशिवाय त्याला कळणार नाही किती ओढतं ते."

"माझी तीन महिन्यांची बोली?"

"ती जुन्या पदाची होती."

त्या टेबलावरून मी आजपर्यंत उठले नाही असं म्हणायला हरकत नाही. गावं बदलली, गेम बदलले, पण अजून रस्ते बनवते आणि आधी स्वतः चालवून बघते. त्या दिवशी मात्र मला एवढं काही सुचलं नाही. मी फक्त विचारलं, "आणि ग्रुप कोण बघणार?"

दादांनी दाराजवळ एक स्टूल ओढलं. ग्रुपचा फोन हातात घेतला, कानाला इअरफोन लावले. "तिघांतल्या एकीची बदली झाली, एक कोडिंग करतोय. मग उरलं कोण?"

मी आगारातून गाडी काढली. पहिल्याच वळणावर ती डावीकडे गेली आणि मी तन्वीरला सांगितलं. त्याने मान हलवून लिहून घेतलं. तिकडे दादांनी अंकुशरावांचा मेसेज लावला होता, टपरीवर काय काय पाहिजे याबद्दलचा, आणि तो काही संपत नव्हता. मध्ये मला दिसलं, त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, "आपला" असं लिहिलं, खोडलं, परत ऐकायला लागले. परत लिहिलं, परत खोडलं. मग इअरफोन काढून माझ्याकडे वळले.

"पमे, हे म्हणतायत कुत्र्याला नाव पाहिजे, आणि नाव ठरवायला बैठक पाहिजे. याला काय उत्तर द्यायचं असतंय?"

मी दुसऱ्या वळणावर होते आणि समोरून कराडची गाडी लाइट मारत उतरत होती.

"थांबा जरा दादा," मी म्हटलं. "घाटात आहे."